स्थलांतरविषयक विदा पत्रकारिता

स्थलांतरविषयक विदा पत्रकारिता म्हणजे जनगणना, नमुना पाहण्या, प्रशासकीय नोंदी आणि पत्रकारांनी स्वतः जमवलेली आकडेवारी यांच्या आधारे माणसांच्या स्थलांतराविषयी केलेले वार्तांकन होय. 'डेटा' या शब्दासाठी मराठीत 'विदा' हा प्रतिशब्द वापरला जातो. वृत्तपत्रांत मात्र 'डेटा पत्रकारिता' हेच रूप अधिक रूढ आहे. आफ्रिका खंडात या विषयाचे प्रशिक्षण पत्रकारांना देण्याचे अनेक उपक्रम झाले आहेत. महाराष्ट्रात या प्रकारच्या वार्तांकनाची मोठी उदाहरणे ऊसतोड मजुरांचे हंगामी स्थलांतर आणि २०२० च्या टाळेबंदीतील मजुरांचे परतीचे स्थलांतर या दोन विषयांत आढळतात. दोन्ही ठिकाणी आकडे उपलब्ध होते, पण ते कोणाला मोजतात आणि कोणाला वगळतात, हाच बातमीचा खरा विषय ठरला.

व्याख्येचा प्रश्न

भारताच्या जनगणनेत स्थलांतरित व्यक्ती दोन कसोट्यांवर ठरते: जन्मस्थान आणि शेवटचे वास्तव्याचे ठिकाण. गणनेच्या वेळी ज्या गावात वा शहरात व्यक्ती आढळते, त्याहून तिचे आधीचे वास्तव्य वेगळ्या गावात असेल, तर ती स्थलांतरित धरली जाते. अंतराची अट नाही, कारणाचीही नाही. त्यामुळे पौडहून लग्न होऊन शेजारच्या लवळ्यात आलेली स्त्री जनगणनेच्या लेखी स्थलांतरित असते.

२०११ च्या जनगणनेनुसार शेवटच्या वास्तव्याच्या कसोटीवर देशात सुमारे ४५.६ कोटी लोक स्थलांतरित होते. त्यांपैकी राज्याची सीमा ओलांडून आलेले सुमारे ५.४ कोटी, म्हणजे साधारण १२ टक्के होते. एकूण स्थलांतरितांत स्त्रियांचे प्रमाण सुमारे दोन तृतीयांश होते आणि त्यांच्या स्थलांतराचे प्रमुख कारण विवाह हे होते. '४५ कोटी स्थलांतरित मजूर' असा मथळा म्हणूनच चुकीचा ठरतो. नियतकालिक श्रमबल सर्वेक्षणाच्या २०२०–२१ च्या फेरीतही हेच चित्र दिसते: स्थलांतराचा एकूण दर २८.९ टक्के, पुरुषांचा १०.७ टक्के आणि स्त्रियांचा ४७.९ टक्के. स्थलांतरित स्त्रियांपैकी ८६.८ टक्के विवाहामुळे स्थलांतरित झाल्या होत्या.

याउलट, जे स्थलांतर लोकांच्या डोळ्यांसमोर असते, ते या आकड्यांत नीट उतरत नाही. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या ६४ व्या फेरीत (२००७–०८) अल्पकालीन स्थलांतरित म्हणजे आधीच्या ३६५ दिवसांत रोजगारासाठी किमान एक महिना, पण सहा महिन्यांपेक्षा कमी काळ घराबाहेर राहिलेली व्यक्ती, अशी व्याख्या होती. ऊसतोडीचा हंगाम पाच ते सहा महिन्यांचा असतो. हंगाम थोडा लांबला, तर तेच कुटुंब या व्याख्येच्या बाहेर जाते.

महाराष्ट्रातील स्थलांतर आणि आकडेवारी

कोकणातून मुंबईकडे झालेले स्थलांतर हे आकड्यांत अप्रत्यक्षपणे दिसणाऱ्या स्थलांतराचे जुने उदाहरण आहे. गिरणीत, गोदीत वा घरकामाला गेलेल्या चाकरमान्याची नोंद गावात राहत नसे; पण गावात मागे राहिलेल्या लोकसंख्येत स्त्रियांचे प्रमाण वाढलेले दिसे. २०११ मध्येही रत्नागिरी जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे १,१२२ आणि सिंधुदुर्गात १,०३६ स्त्रिया होत्या. स्त्री-पुरुष प्रमाण चांगले असल्याचे हे लक्षण मानून दोन्ही जिल्ह्यांचे कौतुक करणाऱ्या बातम्या अधूनमधून छापून येतात. प्रत्यक्षात त्या आकड्यात बाहेर गेलेल्या पुरुषांचा वाटा मोठा आहे.

मराठी पत्रकारितेत स्थलांतराविषयी आकड्यांऐवजी याद्या वापरल्याचे एक ठळक उदाहरण १९६० च्या दशकातील आहे. बाळ ठाकरे यांच्या 'मार्मिक' या साप्ताहिकात मुंबईतील कंपन्यांमधील अमराठी, विशेषतः दाक्षिणात्य, अधिकाऱ्यांच्या नावांच्या याद्या 'वाचा आणि थंड बसा' या मथळ्याखाली छापल्या जात. पुढे १९६६ मध्ये शिवसेनेची स्थापना झाली. या याद्यांचा राजकीय परिणाम मोठा होता. विदा पत्रकारितेच्या दृष्टीने पाहता अशा यादीत अंश असतो, छेद नसतो: एकूण पदे किती, अर्जदार कोण, मराठी कर्मचाऱ्यांचे प्रमाण वाढते की घटते, हे यादीतून कळत नाही. 'परप्रांतीयांचे लोंढे' हा वृत्तपत्रांत अजूनही आढळणारा शब्दप्रयोग याच वळणाचा आहे; लोंढ्याला मोजमाप नसते.

ऊसतोड मजूर

बीड, अहिल्यानगर, जालना, धाराशिव, परभणी आदी जिल्ह्यांतून दरवर्षी दिवाळीच्या सुमारास मजूर पश्चिम महाराष्ट्रातील आणि कर्नाटकातील साखर कारखान्यांकडे जातात. हंगामाआधी मुकादमाकडून उचल घेतली जाते. पती-पत्नीच्या जोडीला मिळून 'एक कोयता' म्हणतात आणि मजुरी तोडलेल्या उसाच्या टनावर मिळते. उसाच्या फडाजवळ उभारलेल्या कोप्यांत ही कुटुंबे हंगामभर राहतात.

राज्यातील ऊसतोड मजुरांच्या संख्येचे अंदाज आठ लाखांपासून पंधरा लाखांपर्यंत सांगितले जातात. अशा वेळी पत्रकार कोणता आकडा छापावा हे ठरवण्यासाठी स्वतंत्र हिशेब करू शकतो. २०२१–२२ च्या गळीत हंगामात महाराष्ट्रात सुमारे १,३२० लाख टन उसाचे गाळप झाले. एक कोयता दिवसाला सरासरी दोन टन ऊस तोडतो आणि हंगामात १५० दिवस काम करतो असे गृहीत धरले, तर एका कोयत्यामागे ३०० टन ऊस येतो. म्हणजे सुमारे ४.४ लाख कोयते आणि ८.८ लाख माणसे लागतात. सरासरी दीड टन धरली तर हीच संख्या ११.७ लाखांवर जाते. यंत्राने तोडलेला ऊस वजा केल्यास आकडा खाली येतो. मोठ्या भावंडांनी केलेले काम धरल्यास वर जातो. हा हिशेब अचूक संख्या देत नाही. मात्र एका गृहीतकात अर्ध्या टनाचा फरक केल्यावर जवळपास तीन लाख माणसे वाढतात किंवा कमी होतात, हे त्यातून स्पष्ट होते.

ही संख्या केवळ अभ्यासकांच्या कामाची नाही. लोकनेते गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळाच्या निधीसाठी कारखान्यांकडून गाळप झालेल्या उसावर टनामागे १० रुपये आकारण्याची तरतूद आहे. निधी टनावर जमा होतो, लाभ मात्र ओळखपत्र मिळालेल्या माणसाला मिळायचा असतो. नोंदणी न झालेला मजूर उसाच्या आकड्यात असतो, लाभार्थ्यांच्या आकड्यात नसतो. मुलांच्या बाबतीतही हेच घडते. स्थलांतरित मुलांसाठीची शिक्षण हमी पत्रके आणि गावातील हंगामी वसतिगृहे यांच्या नोंदी, पटावरील संख्या आणि प्रत्यक्ष हजेरी ही तिन्ही शेजारी ठेवल्याशिवाय किती मुले शाळेबाहेर गेली हे कळत नाही.

८ एप्रिल २०१९ रोजी 'द हिंदू बिझनेसलाइन' या दैनिकात राधेश्याम जाधव यांनी बीड जिल्ह्यातील ऊसतोड करणाऱ्या स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांविषयी वृत्तान्त लिहिला. कामात खाडा पडला की दंड कापला जातो आणि पाळीच्या दिवसांतही काम सोडता येत नाही, ही पार्श्वभूमी त्यातून राज्याबाहेर पोहोचली. राज्य सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांच्या पाहणीत १३,८६१ स्त्रियांची गर्भाशये काढलेली आढळली. हे प्रमाण सुमारे १६.८ टक्के, म्हणजे दर सहा स्त्रियांमागे एक असे होते.

या आकड्याची तुलना अनेकदा चौथ्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीतील (२०१५–१६) राज्याच्या २.६ टक्के प्रमाणाशी केली गेली. ती पाहणी १५ ते ४९ वयोगटातील सर्व स्त्रियांची होती, तर बीडमधील पाहणी विशिष्ट व्यवसायातील स्त्रियांची होती. वयाची विभागणी सारखी नसल्याने 'सहापट' असे थेट लिहिणे काटेकोर नाही. तरीही वयाच्या फरकाने स्पष्ट होईल इतके हे अंतर लहान नाही. तुलनेची मर्यादा सांगून निष्कर्ष कायम ठेवणे हे या प्रकारच्या पत्रकारितेतील मूलभूत कौशल्य मानले जाते.

२०२० ची टाळेबंदी

मार्च २०२० मध्ये देशव्यापी टाळेबंदी जाहीर झाल्यावर मजूर गावांकडे परतू लागले. १ मेपासून श्रमिक विशेष गाड्या सुरू झाल्या आणि त्यांतून सुमारे ६३ लाख प्रवासी गेले. १४ सप्टेंबर २०२० रोजी केंद्रीय श्रम मंत्रालयाने लोकसभेत दिलेल्या उत्तरात सुमारे १.०४ कोटी मजूर आपापल्या राज्यांत परतल्याचे सांगितले. वाटेत मृत्यू पावलेल्यांची अशी माहिती ठेवली जात नसल्याचेही त्यात म्हटले होते. त्याच महिन्यात श्रमिक गाड्यांमध्ये ९७ जणांचा मृत्यू झाल्याची माहिती राज्यसभेत देण्यात आली.

८ मे २०२० रोजी तत्कालीन औरंगाबाद जिल्ह्यात करमाडजवळ रुळांवर झोपलेले १६ मजूर मालगाडीखाली मरण पावले. मध्य प्रदेशातील हे मजूर जालन्याहून गाडी मिळेल या आशेने पायी निघाले होते. ते श्रमिक गाडीत चढलेच नव्हते, त्यामुळे ९७ च्या आकड्यात ते नाहीत. अशा मृत्यूंची मोजणी सरकारबाहेर झाली. काही संशोधक व स्वयंसेवकांनी विविध भाषांतील वृत्तपत्रांतून बातम्या गोळा करून करोनाव्यतिरिक्त टाळेबंदीशी निगडित ९०० हून अधिक मृत्यूंची सूची तयार केली. जिल्हा पातळीवरच्या वार्ताहरांनी लिहिलेल्या चार ओळींच्या बातम्या हाच या सूचीचा कच्चा माल होता. ज्या तालुक्यात वार्ताहर नव्हता, तिथला मृत्यू सूचीत येण्याची शक्यता अर्थातच कमी होती.

आफ्रिकेतील आणि जागतिक प्रशिक्षण

बातम्यांपासून सूची तयार करण्याची ही पद्धत युरोप व आफ्रिकेच्या संदर्भात आधी विकसित झाली. २०१३ मध्ये युरोपीय पत्रकारांच्या एका गटाने 'द मायग्रंट्स फाइल्स' हा प्रकल्प सुरू करून युरोपकडे जाताना मरण पावलेल्यांची नोंद एकत्र केली. ऑक्टोबर २०१३ मधील लाम्पेदुसाजवळच्या बोट दुर्घटनेनंतर आंतरराष्ट्रीय स्थलांतर संघटनेने 'मिसिंग मायग्रंट्स' हा नोंदप्रकल्प हाती घेतला.

आफ्रिकी पत्रकारांच्या प्रशिक्षणामागे एक विशिष्ट विसंगती आहे. २०२० मध्ये सुमारे २.१ कोटी आफ्रिकी लोक आफ्रिकेतीलच दुसऱ्या देशात राहत होते, तर युरोपात राहणाऱ्यांची संख्या सुमारे १.१ कोटी होती. तरीही बातम्यांत भूमध्य समुद्रातील बोटीच अधिक दिसतात, कारण पाश्चात्त्य वृत्तसंस्थांचे लक्ष तिथे असते. 'कोड फॉर आफ्रिका'सारख्या संस्था आफ्रिकी पत्रकारांना विदा पत्रकारितेची साधने शिकवतात. युनेस्कोने २०२१ मध्ये पत्रकारितेच्या शिक्षकांसाठी स्थलांतरित व निर्वासितांविषयीच्या वार्तांकनाची हस्तपुस्तिका प्रकाशित केली. डिसेंबर २०१८ मधील जागतिक स्थलांतर कराराचे पहिले उद्दिष्टच अचूक व विभागवार आकडेवारी हे आहे. महाराष्ट्राच्या संदर्भात ही विसंगती ओळखीची आहे: चर्चा परराज्यातून येणाऱ्यांची होते, तर देशातील बहुतेक स्थलांतर राज्याच्या आतच होते.

भारतात 'इंडियास्पेंड' (स्थापना २०११) हे मुंबईतून चालणारे संकेतस्थळ विदा पत्रकारितेसाठी, तर पी. साईनाथ यांनी २०१४ मध्ये सुरू केलेले 'पारी' हे ग्रामीण वृत्तान्तांच्या संग्रहासाठी ओळखले जाते. 'पारी'वर मराठी अनुवादही उपलब्ध असतात. साईनाथ यांनी त्याआधी महबूबनगरहून मुंबईला जाणाऱ्या राज्य परिवहनाच्या वाढत्या बसफेऱ्यांवरून स्थलांतराचा मागोवा घेतला होता. अधिकृत आकडा नसेल तेव्हा तिकिटे, फेऱ्या, रेशनची उचल अशा नोंदी कशा वापराव्यात, याचे हे नेहमी दिले जाणारे उदाहरण आहे. केंद्र सरकारच्या २०१६–१७ च्या आर्थिक पाहणीनेही रेल्वेच्या अनारक्षित तिकिटांवरून वर्षाला सुमारे ९० लाख आंतरराज्य स्थलांतरितांचा अंदाज मांडला होता.

लवळे आणि मुळशी परिसर

पुणे जिल्ह्याच्या मुळशी तालुक्यातील लवळे येथे सिम्बायोसिस आंतरराष्ट्रीय अभिमत विद्यापीठाचा परिसर आहे. १९९० मध्ये सुरू झालेली विद्यापीठाची माध्यम व संज्ञापन संस्था याच परिसरात असून तिथे पत्रकारितेचे पदव्युत्तर शिक्षण दिले जाते. फ्लेम विद्यापीठही लवळ्यातच आहे. सिम्बायोसिसची स्थापना १९७१ मध्ये शां. ब. मुजुमदार यांनी पुण्यातील परदेशी विद्यार्थ्यांच्या अडचणी पाहून केली. त्या विद्यार्थ्यांत आफ्रिकी देशांतून आलेलेही होते, आणि पुण्यात संस्थेचे आफ्रो-आशियाई सांस्कृतिक संग्रहालयही आहे.

स्थलांतराच्या अभ्यासासाठी मुळशी हा सोयीचा तालुका आहे, कारण विस्थापन, बाहेर जाणे आणि आत येणे हे तिन्ही प्रकार इथे आढळतात. टाटा कंपनीच्या धरणासाठी पन्नासच्या आसपास गावांच्या जमिनी गेल्या; त्याविरुद्ध १९२१ पासून सेनापती बापट आणि विनायकराव भुस्कुटे यांच्या नेतृत्वाखाली मुळशी सत्याग्रह झाला. धरणग्रस्त मावळ्यांची पुढची पिढी कुठे स्थिरावली, हे जनगणनेच्या कोणत्याही तक्त्यातून थेट काढता येत नाही. त्यासाठी जुने सातबारे, भूसंपादनाचे कागद आणि कुटुंबांच्या मुलाखती लागतात. तालुक्यातील कातकरी कुटुंबे वीटभट्टी आणि कोळशाच्या कामासाठी हंगामी स्थलांतर करतात. तालुक्याच्या पूर्व भागात हिंजवडी येथे देशभरातून माहिती तंत्रज्ञान क्षेत्रातील कर्मचारी आणि बांधकाम मजूर आले. या दोन्ही गटांना जनगणना एकाच स्तंभात 'स्थलांतरित' म्हणून मोजते.

आगामी जनगणना

२०२१ ची जनगणना पुढे ढकलली गेल्याने स्थलांतराची गावपातळीवरील आकडेवारी अद्याप २०११ चीच आहे. पुढील जनगणनेचा संदर्भ दिनांक १ मार्च २०२७ असून लोकसंख्येची प्रत्यक्ष गणना फेब्रुवारी २०२७ मध्ये व्हायची आहे. २०११ मध्येही गणना फेब्रुवारीत झाली होती. हा काळ गळीत हंगामाचा असतो. गणनेच्या पूर्ण काळात गावी नसलेली व्यक्ती गावच्या गणनेत धरली जात नाही. ती जिथे असेल तिथे मोजली जाणे अपेक्षित असते. फडाजवळच्या कोप्या गणकाच्या यादीत आल्या नाहीत, तर ते कुटुंब दोन्हीकडून सुटते. गाव-तालुक्याच्या लोकसंख्येवर ठरणाऱ्या तरतुदींवर त्याचा परिणाम होतो.