चाकाखालची माती

शहरातल्या माणसांनी शेतातील मातीचे गणित कशाला ऐकावे, असा प्रश्न आपल्यापैकी काहींच्या मनात आला असेल. प्रश्न रास्त आहे. परंतु या गणिताचा इतिहास मोठा विलक्षण आहे. शेतीची यंत्रे अवाढव्य होण्यापूर्वीच त्यांच्या भाराचा हिशेब कागदावर तयार होता, आणि तरीही ती वाढतच गेली.

आरंभ शेतात झाला नाही. जोसेफ बूसिनेस्क या फ्रेंच गणितज्ञाने १८८५ साली एक सूत्र प्रसिद्ध केले. जमिनीवर एका बिंदूशी भार ठेवला तर किती खोलीवर किती दाब पोचेल, हे त्यावरून काढता येते. मात्र त्याने जमीन एकजिनसी व स्थितिस्थापक कल्पिली होती. खरी माती कुठली तशी असायला! ओली माती दाबली की दबूनच राहते. पुढे १९३४ मध्ये फ्रोलिख यांनी इमारतींच्या पायांचा विचार करताना त्या सूत्रात एक अंक घातला. दाब भाराच्या सरळ खाली किती एकवटतो, ते या अंकावरून ठरते.

हे सूत्र ट्रॅक्टरच्या चाकाला लावले ते पश्चिम जर्मनीतील वाल्टर झ्योने यांनी, १९५३ साली. कठीण जमिनीसाठी तो अंक ४, मध्यम जमिनीसाठी ५, ओल्या मऊ जमिनीसाठी ६. टायर टेकतो त्या जागेचे लहान लहान तुकडे कल्पायचे, प्रत्येकाचा दाब काढायचा आणि सर्वांची बेरीज करायची. या खटपटीतून निघालेली गोष्ट मात्र साधी होती. वरच्या थरातील दाब मुख्यतः टायरमधील हवेच्या दाबावर अवलंबून असतो. खोलवरचा दाब एकंदर भारावर. म्हणजे भार दुप्पट केला आणि टायरही त्या मानाने मोठे घेतले, तर चाकोरी पूर्वीइतकीच उथळ दिसेल, पण दाब अधिक खोल जाईल. शेतकऱ्याच्या डोळ्यांना हे दिसत नाही, आणि सारा घात तेथेच आहे.

कारण नांगर साधारणपणे २०–२५ सेंटीमीटरपर्यंतची माती उलथतो. त्याखालचा थर एकदा घट्ट झाला की मुळे अडतात, पाणी मुरत नाही. स्वीडनचे इंगे हॉकान्सन व त्यांच्या सहकाऱ्यांनी एका आसावर १० टन भार घालून निरनिराळ्या देशांत प्रयोग केले. ओल्या जमिनीत परिणाम अर्धा मीटर खोलीपर्यंत गेला व वर्षानुवर्षे टिकला.

झ्योने यांची ती कंटाळवाणी बेरीज पुढे संगणकाने उचलली. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेले ‘सॉइलफ्लेक्स’ हे प्रतिमान तर कचेरीतले कारकून वापरतात तसल्या हिशेबी तक्त्यात चालते! दुसरी वाट कंडल व स्ट्रॅक यांनी १९७९ मध्ये दाखवली: एकेक कण निराळा धरून त्यांची टक्कर मोजायची. नांगराचा फाळ मातीतून जाताना काय घडते, ते पाहण्यास ही रीत सोयीची. परंतु कोणत्याही प्रतिमानाला त्या दिवशी माती किती ओली आहे, हे सांगावेच लागते. आपला शेतकरी ‘वाफसा आला’ म्हणतो, ते हेच.

केलर व ऑर यांनी २०२२ साली जुना हिशेब पुन्हा मांडला. धान्याने भरलेले कापणी-मळणी यंत्र १९५८ मध्ये सुमारे ४ टनांचे होते, ते २०२० पर्यंत ३६ टनांवर गेले. टायर मोठे होत गेल्याने पृष्ठभागावरचा दाब फारसा बदलला नाही. खालचा मात्र वाढला. त्यांनी या यंत्रांची तुलना सॉरोपॉड या महाकाय डायनोसोरांशी केली. एवढ्या वजनाचे प्राणी हिंडत असता त्यांना चारा पुरवणारी जमीन उजाड कशी झाली नाही? ते ठराविक वाटांनीच चालत असावेत व लांब मानेने आजूबाजूचे खात असावेत, असा एक तर्क या लेखकांनी केला आहे. ऑस्ट्रेलियातील कित्येक शेतकरी आज उपग्रहाच्या साह्याने शेतात चाकांच्या वाटा कायमच्या आखून घेतात आणि उरलेल्या जमिनीवर चाक घालीत नाहीत.