डोक्याचं माप अंड्याला

मुलुंडला आमच्या घरी अंडी येतात ती डझनाने. दुकानदार तीसच्या ट्रेमधून बारा उचलतो आणि कागदी पिशवीत घालतो. वजनकाटा शेजारीच असतो, पण अंडी त्यावर चढत नाहीत. घाऊक बाजारातला भावही शेकड्यावर. अ‍ॅगमार्कच्या प्रतवारीत मात्र ग्रॅमचा हिशेब आहे: ६० ग्रॅम आणि त्यावर अतिमोठं, ५३ ते ५९ मोठं, ४५ ते ५२ मध्यम, ३८ ते ४४ लहान.

वजन झालं, पण आकार? अंडं ओट्यावर आडवं ठेवावं, दोन्ही टोकांना काड्यापेट्या टेकवाव्यात आणि मधलं अंतर पट्टीने मोजावं. मग रुंदीही तशीच. परवा मोजलेलं एक अंडं ५७ मिलिमीटर लांब आणि ४३ रुंद निघालं. रुंदीला १०० ने गुणून लांबीने भागलं की येतात ७५.४. कुक्कुटपालनाच्या पुस्तकांत याला आकार निर्देशांक म्हणतात. साधारण ७२ ते ७६ म्हणजे नेहमीचं अंडं. त्याखाली लांबट, त्यावर गोलसर.

हा भागाकार कोंबडीच्या खुराड्यात जन्मलेला नाही. १८४० च्या दशकात अँडर्स रेट्झियस या स्वीडिश शरीरशास्त्रज्ञाने माणसाच्या कवटीसाठी तो वापरला: डोक्याची रुंदी गुणिले १००, भागिले लांबी. ७५ च्या आतली डोकी लंबशीर्ष, ८० च्या वरची पृथुशीर्ष. आकडेही किती जवळचे! पुढे लंडनला संख्याशास्त्रज्ञ कार्ल पिअर्सन यांच्या प्रयोगशाळेत कवट्यांची मापं आणि त्यांचं गणित जोरात चाललं. तिथे शिकून गेलेले जीवशास्त्रज्ञ रेमंड पर्ल १९०७ मध्ये अमेरिकेतल्या मेन राज्याच्या कृषी संशोधन केंद्रात दाखल झाले आणि त्यांनी कोंबड्यांची अंडी मोजायला घेतली. फ्रँक सरफेस आणि मेनी कर्टिस हे त्यांचे सहकारी. १९१४ पर्यंत या मंडळींनी लांबी, रुंदी, वजन यांचे ढीगभर तक्ते छापले. कवटीची मोजणी अंड्यापर्यंत याच वाटेने आली असं मला वाटतं.

माणसांच्या बाबतीत त्या आकड्याने फार नुकसान केलं. आपल्याकडे ब्रिटिश अधिकारी रिस्ले यांनी तशाच भागाकाराने नाकांची मापं घेऊन जातींची उतरंड लावली. कवटी अढळ असते ही समजूत मानवशास्त्रज्ञ फ्रान्झ बोआस यांनी १९१० च्या सुमारास खोटी ठरवली. अमेरिकेत जन्मलेल्या स्थलांतरितांच्या मुलांची डोकी आईबापांपेक्षा वेगळी भरत होती. पुण्यात डेक्कन कॉलेजातून इरावती कर्वे आणि वि. म. दांडेकर यांनी १९५१ मध्ये महाराष्ट्रातल्या लोकांच्या शरीरमापांचं पुस्तक काढलं. त्या काळी या विद्येतून कुणाचीच सुटका नव्हती.

अंड्याबाबत मात्र तोच आकडा खरं बोलतो. बीजांडनलिकेतून अंडं उतरायला साधारण एक दिवस लागतो. वाटेत पातळ पापुद्रा चढतो तेव्हाच आकार ठरत येतो, आणि मग कवच धरायला वीसेक तास जातात. म्हणून प्रत्येक कोंबडीच्या अंड्याला तिची स्वतःची घडण असते. तलंगीची, म्हणजे तरुण कोंबडीची, सुरुवातीची अंडी लहान आणि कधी वेडीवाकडी येतात, नंतर बेतात बसतात. लांबट अंड्यातून नर निघतो की मादी, यावर अ‍ॅरिस्टॉटल आणि रोमन कोलुमेला यांची मतं नेमकी उलट आहेत. दोघेही चुकले. लिंग ठरतं ते आईच्या बीजातच, कवचाच्या खूप आधी.

अंड्यांचं मोजमाप उपनगरातच, खूप जवळ होत असे. गोरेगावच्या आरे वसाहतीत केंद्र सरकारचं कुक्कुटकेंद्र आहे. तिथे वेगवेगळ्या वाणांच्या कोंबड्यांची चाचणी होत असे: सगळ्यांना सारखंच खाद्य, सारखीच जागा, मग किती अंडी आली आणि ती किती वजनाची, याची नोंद. कुठली कोंबडी घ्यावी हे शेतकऱ्याला त्या नोंदींतून कळे.

घरच्या बाराही अंड्यांची मापं घेतली. सर्वांत कमी ७१, सर्वांत जास्त ७९. एकाच ट्रेमधली, पण उघडच निरनिराळ्या कोंबड्यांची. ७१ चं ट्रेच्या खळग्यातून वर डोकावत असणार. वरच्या ट्रेचा दाब आधी अशांवरच येतो. त्याला केसाएवढी चीर गेलेली होती, म्हणून तेच आधी फोडलं.