रुग्णसुरक्षा : वैद्यकीय चुका आणि त्या रोखणारा नागरिकांचा रेटा

उपचार घेत असताना, त्या उपचारांतील उणिवेमुळे रुग्णाला होणारी टाळता येण्याजोगी इजा रोखणे म्हणजे रुग्णसुरक्षा. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार आरोग्यसेवा घेणाऱ्या दर दहा रुग्णांपैकी सुमारे एकाला अशी इजा होते आणि त्यांतील निम्म्याहून अधिक इजा टाळता येण्याजोग्या असतात. २०१९ पासून १७ सप्टेंबर हा दिवस ‘जागतिक रुग्णसुरक्षा दिन’ म्हणून पाळला जातो. हा विषय रुग्णालयाच्या भिंतींबाहेर आणण्याचे श्रेय मोठ्या प्रमाणात रुग्णांचे नातेवाईक, ग्राहक संघटना आणि सजग नागरिक यांच्याकडे जाते.

चूक घडते कशी?

वैद्यकीय चूक ही बहुधा एका व्यक्तीच्या बेफिकिरीतून नव्हे, तर अनेक लहान त्रुटींच्या साखळीतून घडते. नावात साम्य असलेली दोन औषधे, न लागणारे अक्षर, परिचारिकांची पाळी बदलताना सांगायची राहिलेली माहिती, प्रयोगशाळेतून निघूनही डॉक्टरांपर्यंत न पोहोचलेला अहवाल अशी तिची नेहमीची कारणे आहेत. अमेरिकेतील ‘इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिन’ने १९९९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात, त्या देशातील रुग्णालयांत दरवर्षी ४४ हजार ते ९८ हजार मृत्यू अशा चुकांमुळे होत असावेत, असा अंदाज मांडला. माणसाला दोष देऊन थांबण्याऐवजी व्यवस्था दुरुस्त करावी, हा त्या अहवालाचा मुख्य आग्रह होता.

त्याच विचारातून २००८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने शस्त्रक्रियेसाठी १९ मुद्द्यांची तपासणीसूची आणली. रुग्णाची ओळख, शस्त्रक्रियेची जागा, औषधांची ॲलर्जी, वापरलेल्या बोळ्यांची मोजणी अशा साध्या बाबी तीत मोठ्याने उच्चारून पडताळल्या जातात. वैदर्भीय कुळातील शल्यचिकित्सक डॉ. अतुल गवांदे यांनी या प्रकल्पाचे नेतृत्व केले. दिल्लीसह आठ शहरांतील रुग्णालयांत झालेल्या अभ्यासात मृत्यूचे प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आल्याचे दिसून आले.

एका घरातील दोन चुका

रुग्णांच्या चळवळीचे सर्वांत बोलके उदाहरण अमेरिकेतील सुझन शेरिडन यांचे आहे. १९९५ मध्ये जन्मलेल्या त्यांच्या मुलाला, कॅलला, कावीळ झाली. नवजात बालकांत ती सर्रास आढळते. मात्र रक्तातील बिलिरुबिन फार वाढल्यास मेंदूला कायमची इजा होते. कॅलची कावीळ केवळ डोळ्यांनी पाहून जोखली गेली, वेळीच रक्ततपासणी झाली नाही आणि त्याला आयुष्यभराचे अपंगत्व आले. पुढे त्यांच्या पतीच्या मणक्याजवळील गाठ कर्करोगाची असल्याचा अंतिम अहवाल फाइलमध्ये गेला. तो ना उपचार करणाऱ्या डॉक्टरांच्या नजरेस आला, ना कुटुंबाला कळला. २००२ मध्ये त्यांचे निधन झाले.

शेरिडन यांनी अशाच इतर मातांना एकत्र केले आणि नवजात बालकांच्या बिलिरुबिन तपासणीचा आग्रह धरला. त्यानंतर अमेरिकेतील रुग्णालयांना मान्यता देणाऱ्या संस्थेने २००१ मध्ये या आजाराबाबत इशारा प्रसृत केला. जागतिक आरोग्य संघटनेच्या ‘पेशंट्स फॉर पेशंट सेफ्टी’ या उपक्रमाचे नेतृत्वही शेरिडन यांनी केले. नोव्हेंबर २००५ मध्ये अनेक देशांतील रुग्ण व नातेवाईक लंडन येथे जमले आणि त्यातून ‘लंडन जाहीरनामा’ तयार झाला. रुग्णसुरक्षेच्या कामात रुग्णांना भागीदार मानावे, ही त्यातील मध्यवर्ती मागणी आहे.

जे. जे. रुग्णालयाचा धडा

आपल्याकडील सर्वांत मोठा धडा १९८६ मधील आहे. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात औषध म्हणून दिलेल्या ग्लिसरॉलमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल हे विषारी रसायन होते. त्यामुळे १४ रुग्ण दगावले. न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांच्या चौकशी आयोगाने औषधखरेदीपासून औषध प्रशासनापर्यंतचा भ्रष्टाचार व ढिलाई उघड केली. तरीही तेच रसायन पुन्हा पुन्हा आढळले. २०२२ मध्ये गांबियात भारतीय बनावटीच्या खोकल्याच्या औषधांशी बालमृत्यूंचा संबंध जोडला गेला. २०२५ मध्ये मध्य प्रदेशातील छिंदवाडा जिल्ह्यात अशाच औषधामुळे अनेक बालके मृत्युमुखी पडली. त्यांतील बऱ्याच बालकांवर नागपुरात उपचार झाले होते. अहवाल कितीही परखड असला, तरी त्याच्या अंमलबजावणीवर नागरिकांची नजर नसेल, तर तो कागदावरच राहतो.

कायद्याचा आधार

१९९५ मध्ये व्ही. पी. शांता खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने शुल्क आकारून दिली जाणारी वैद्यकीय सेवा ग्राहक संरक्षण कायद्याच्या कक्षेत आणली. २००५ मधील जेकब मॅथ्यू निकालाने दुसरी बाजू सांभाळली: प्रत्येक अपयश म्हणजे गुन्हा नव्हे, फौजदारी कारवाईसाठी हलगर्जीपणा अत्यंत गंभीर असावा लागतो. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने २०१८ मध्ये रुग्णहक्कांची सनद मांडली आणि केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने पुढील वर्षी ती राज्यांकडे पाठविली.

गोव्यालाही या विषयाचा दाहक अनुभव आहे. मे २०२१ मध्ये कोविडच्या दुसऱ्या लाटेत गोमेकॉतील प्राणवायूचा प्रश्न वकिलांच्या संघटनेने व नागरिकांनी उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठापुढे नेला. प्राणवायूअभावी रुग्ण दगावता कामा नये, असे न्यायालयाने शासनाला बजावले. संघटित नागरिकांनी दाद मागितली, की रुग्णसुरक्षा हा प्रशासकीय उत्तरदायित्वाचा विषय होतो, हे त्यावेळी दिसून आले.

नागरिकांच्या हाती काय आहे?

• घरातील प्रत्येक रुग्णाच्या औषधांची यादी ठेवावी. तीत आयुर्वेदिक व घरगुती औषधे आणि ॲलर्जीही नोंदवावी. ती प्रत्येक डॉक्टरांना दाखवावी.

• नवे औषध सुरू करताना ते कशासाठी, किती दिवस आणि कशासोबत घेऊ नये, हे विचारावे. औषध परस्पर बंद करू नये.

• तपासणीचा अहवाल मागून घ्यावा. ‘काही कळविले नाही, म्हणजे सारे ठीक’ असे गृहीत धरू नये.

• उपचारांच्या नोंदी मागण्याचा रुग्णाला अधिकार आहे. वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या नियमांनुसार मागणीनंतर ७२ तासांत त्या देणे डॉक्टरांवर बंधनकारक आहे.

• औषधाचा दुष्परिणाम जाणवल्यास डॉक्टरांना सांगावे, तसेच राष्ट्रीय औषध सतर्कता कार्यक्रमाच्या १८००-१८०-३०२४ या निःशुल्क क्रमांकावर कळवावे. रुग्ण स्वतःही ही नोंद करू शकतो.

• तक्रार प्रथम रुग्णालयाकडे लेखी द्यावी व पोच घ्यावी. ग्राहक आयोगाकडे दाद मागण्याची मुदत सामान्यतः दोन वर्षांची आहे.

डॉक्टर-रुग्ण नात्यात संशय पेरणे, हा या चळवळीचा हेतू नाही. कामाच्या ताणाखाली असलेल्या परिचारिकेला ‘ही गोळी सकाळी दिली होती ना?’ असे नातेवाइकाने शांतपणे विचारले, तर होऊ घातलेली चूक तिथेच थांबू शकते. असा प्रश्न विचारण्याची मुभा आणि त्याला नीट उत्तर देण्याची सवय प्रत्येक रुग्णालयात रुजावी, हीच या चळवळीची मागणी आहे.