पावसात न चालणारी छत्री

कर्जतहून मुरबाडकडे जाणाऱ्या रस्त्यावर कडाव लागते. बालदिगंबर गणपतीचे दर्शन घेणारे इथे उतरतात, बाजाराला येणारे उतरतात, आणि २००८ साली बदलीचा हुकूम खिशात घेऊन मीही उतरलो. इतिहासकार मंडळींनी कडावच्या इतिहासात या तिसऱ्या घटनेची नोंद घेतलेली नाही. ती त्यांनी घेऊ नये. पण २००९ च्या मे महिन्यात आमच्या शाखेच्या गच्चीवर जी छत्री उभी राहिली, तिची नोंद कुणीतरी ठेवायला हवी. मी कॉमर्सचा पदवीधर. इतिहास आठवीतच सुटला, पण नोंदी ठेवण्याचा पगार घेतो. तेव्हा हे काम माझ्याकडेच येते.

छत्री म्हणजे डिश. सव्वा मीटर व्यासाची, पांढरी, पापड वाळत घालायला उत्तम. टेंपोतून ती उतरली तेव्हा आमचे दप्तरी मामा म्हणाले, "साहेब, टीव्ही आला वाटतं. आता क्रिकेट!" मॅनेजरसाहेबांनी त्यांना समजावले की हे व्हीसॅट आहे. आजपासून शाखेतला प्रत्येक व्यवहार आकाशमार्गे मुख्य संगणकाकडे जाणार आणि आकाशमार्गेच परत येणार. मामांनी वर बघितले. वर वैशाखाचे कोरडे ठणठणीत आभाळ होते. "येईल ना पण परत?" त्यांनी विचारले. पुढची चार वर्षे आम्ही सगळे हेच विचारत होतो.

बिनतारी आमच्या मुलखाला अगदीच नवी नव्हती. त्याआधी तार होती. १८५४ साली मुंबई तारेने कलकत्त्याला जोडली गेली, १८५६ साली रेल्वे खोपोलीपर्यंत आली, आणि रुळांच्या कडेने खांब आले. मग १९२७ साली घाटाच्या वरच्या अंगाला खडकीला बिनतारी संदेश पाठवायचे केंद्र झाले आणि दौंडला ऐकायचे, आणि तिथून थेट विलायतेशी बोलणे सुरू झाले. बोलणारे तोंड खडकीला आणि कान दौंडला, ही रचना पुढे अनेक कचेऱ्यांनी उचलली, पण तो वेगळा विषय.

१९४२ साली तर तार आणि बिनतार दोघींचीही परीक्षा झाली. भाई कोतवालांच्या आझाद दस्त्याने आमच्याच डोंगरपट्ट्यात विजेच्या तारांचे मनोरे पाडले आणि तिकडे मुंबईत उषा मेहता आणि त्यांचे सोबती जागा बदलत बदलत, ऑगस्टपासून नोव्हेंबरपर्यंत, छुपा काँग्रेस रेडिओ चालवत होते. इकडे तारा तोडायच्या, तिकडे तारेवाचून बोलायचे. भाई कोतवाल आणि हिराजी पाटील २ जानेवारी १९४३ ला सिद्धगडावर पडले. आमच्या बाजूच्या जुन्या माणसांजवळ 'लाइन गेली' म्हटले की ती अजून एकदम गप्प होतात. आम्ही काउंटरवरून तेच दोन शब्द दिवसातून चाळीस वेळा म्हणत असू.

छत्री बसवायला आलेला इंजिनिअर म्हणजे बावीस-तेवीस वर्षांचा मुलगा. एका हातात होकायंत्र, दुसऱ्या हातात मोबाइल. त्याने गच्चीवर उभे राहून जाहीर केले की छत्रीचे तोंड दक्षिणेला करायचे, थोडे पूर्वेकडे कलते. मामा हादरले. "पोरा, दक्षिण यमाची दिशा!" मुलगा हसला नाही, हे त्याचे मोठेपण. त्याने सांगितले की हे उपग्रह विषुववृत्ताच्या बरोबर वर छत्तीस हजार किलोमीटरवर असतात आणि पृथ्वीबरोबरच फिरतात, म्हणून आपल्याला एका जागी टांगल्यासारखे वाटतात. विषुववृत्त आपल्या दक्षिणेला, म्हणून छत्रीही दक्षिणमुखी. मामांना शास्त्र पटले नाही, पण 'दक्षिणमुखी' या शब्दाने काम केले. दक्षिणमुखी मारुती असतो, मग छत्री का नको? त्यांनी खांबाला नारळ फोडला.

उपग्रह असा एका जागी टांगता येईल आणि त्याच्यावरून संदेश फेकता येतील, हे आर्थर क्लार्क नावाच्या इंग्रज लेखकाने १९४५ साली एका मासिकात लिहून ठेवले होते. आपल्याकडे १९७१ साली नारायणगावजवळ आर्वीला उपग्रह केंद्र झाले, त्याची छत्री जवळजवळ तीस मीटरची. आर्वीच्या त्या थोरलीपासून कडावच्या या धाकटीपर्यंत यायला अडतीस वर्षे लागली. त्यातली बरीच वर्षे बँकांनी संगणक आणावा की आणू नये यावर भांडण्यात गेली. १९८३ साली बँका आणि कर्मचारी संघटना यांच्यात पहिला करार झाला आणि पाठोपाठ रंगराजन समितीचा अहवाल आला. आधी लेजरची खतावणी करणारी यंत्रे आली, पुढे सगळी शाखाच संगणकावर गेली. १९९९ साली बँकांसाठी इन्फिनेट नावाचे उपग्रहाचे जाळे सुरू झाले. आमचे हेडकॅशियर १९८० चे. त्यांनी तरुणपणी याच यंत्रांविरुद्ध घोषणा दिल्या होत्या आणि आता त्यांच्याच टेबलावर तो डबा येऊन बसला. "घोषणा अजून पाठ आहेत," ते म्हणत. "पण द्यायच्या कुणाविरुद्ध? लिंकविरुद्ध?"

छत्रीचा कोन लावायला पूर्ण दिवस गेला. मुलगा वर स्क्रू अर्धा आटा फिरवणार, मामा जिन्यात उभे, मी खाली डब्याजवळ आकडा वाचणार. मी ओरडायचो "सात!", मामा ओरडायचे "सात!", वरून आवाज यायचा "आता?", मग "साडेसहा!" छत्तीस हजार किलोमीटरचा संदेश बिनतारी होता, पण शेवटचे वीस फूट मामांच्या गळ्यावर अवलंबून होते. शेजारच्या जांभळाची एक फांदी आड येत होती, ती मालकाला चहा पाजून तोडावी लागली. संध्याकाळी आकडा बारावर गेला. मग मुलाने हबला फोन लावला, आणि त्यासाठी तो पाण्याच्या टाकीवर चढला, कारण मोबाइलची रेंज तिथेच यायची. आकाशाशी बोलायची परवानगी मागायला टाकीवर चढावे लागते, हे त्या दिवशी कळले.

दुसऱ्या दिवशी 'कॉन्फिगरेशन'. माझ्या टेबलावरच्या टर्मिनलला एक पत्ता द्यायचा होता, ठिपक्यांनी तोडलेले चार आकडे. त्याखाली सबनेट मास्क, त्याखाली गेटवे. "गेटवे टाका," मुलगा म्हणाला. मामा म्हणाले, "तो मुंबईला." सगळे टाकून झाले, डब्यावरचे दिवे हिरवे झाले, आणि पडद्यावर इंग्रजीत उत्तर आले की विनंतीची वेळ संपली. मुलाने केबल बदलली, डबा बदलला, तीनदा बंद-चालू केले. साडेतीन वाजता त्याच्या डोळ्यांत पाणी यायचे तेवढे बाकी होते.

इथे माझा इतिहासात प्रवेश होतो. आम्हा बँकवाल्यांची एक जुनी रीत आहे. ताळा जुळला नाही की एकाने मूळ कागद मोठ्याने वाचायचा आणि दुसऱ्याने खूण करत जायचे. मी म्हटले, "कागद दे, मी वाचतो." गेटवेच्या शेवटच्या घरात कागदावर ५४ होते आणि पडद्यावर ४५. आकड्यांची अशी अदलाबदल झाली की फरकाला नेहमी नऊने भाग जातो, हे आम्हाला कॉमर्सच्या पहिल्या वर्षाला शिकवले होते. त्या दिवसापर्यंत त्या ज्ञानाने मला फक्त रात्री उशिरापर्यंत बसवले होते. आकडा दुरुस्त केला आणि पडद्यावर उत्तरे सटासट येऊ लागली. प्रत्येकाला अर्धा सेकंद लागत होता. विनंती उपग्रहावर जाणार, तिथून खाली हबला, उत्तर पुन्हा वर, पुन्हा खाली: एक लाख चव्वेचाळीस हजार किलोमीटर. ज्या संगणकाकडे आम्ही विचारत होतो तो लोकलने दोन तासांच्या वाटेवर होता. "एवढं फिरून का जातो?" मामांनी विचारले. मुलगा म्हणाला, "मामा, वर रस्ता खोदलेला नसतो."

मे महिना सुखाचा गेला. आणि मग आमच्या तालुक्यात जे होते ते झाले. पाऊस आला.

कर्जतला वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, ही माहिती छत्री निवडणाऱ्याने कुठे वाचली नसावी. छोट्या छत्रीला ज्या लहरी लागतात त्या दोन-अडीच सेंटिमीटर लांबीच्या. पावसाचा टपोरा थेंब त्या पिऊन टाकतो आणि उरल्यासुरल्या उधळून देतो. लांब लहरींना पावसाचे एवढे वाटत नाही, पण त्यांना छत्री मोठी लागते आणि मोठी छत्री म्हणजे मोठे बिल. तेव्हा माथेरानच्या डोंगरावर काळे दिसले की आमच्या डब्यावरचा एक दिवा लाल. जगात छत्री पावसासाठी घेतात. आमची पाऊस आला की मिटायची. बरे, ऊन तरी सोसावे! मार्च आणि ऑक्टोबरमध्ये काही दिवस सूर्य नेमका उपग्रहाच्या पाठीमागे येतो आणि काही मिनिटे छत्री आंधळी होते. मार्च हा आमचा हिशेब बंद करण्याचा महिना, हे सूर्याला कुणी कळवले कोण जाणे.

२०१३ च्या जुलैतली एक सकाळ मात्र विनोदी नव्हती. १४ तारखेला देशातली तारसेवा बंद झाली होती. त्याच आठवड्यात आमच्याकडे दोन दिवस पाऊस आणि दोन दिवस लिंक नाही. काउंटरसमोर वाडीवरची एक आजी भिजून उभी होती. निराधार योजनेचे महिना सहाशे, तीन महिन्यांचे अठराशे तिच्या खात्यात साठले होते. नातू तापाने फणफणलेला, बाहेर टमटममध्ये पडला होता. त्याला कर्जतला न्यायचे होते. मी पडद्याकडे बघत म्हटले, "आजी, लिंक नाही."

"पैसं नाय का?"

"पैसे आहेत. लिंक नाही."

"मंग पैसं हायेत ते दे की बाबा."

याला उत्तर नव्हते. तिजोरी दहा पावलांवर, पासबुक तिच्या हातात, आणि ते पैसे तिचे आहेत की नाहीत हे त्या क्षणी अख्ख्या कडावात कुणाला सांगता येत नव्हते. मी दुसऱ्यांदा 'लिंक नाही' म्हणालो. आजही आठवते, तेव्हाही मान वर केली नव्हती.

हेडकॅशियर उठले. लेजरच्या काळात त्यांनी पान उलटून, सही बघून, दोन मिनिटांत पैसे दिले असते. गावाहून गावाला पैसे पाठवायचे तर तेव्हा तार जायची, सांकेतिक शब्दांत, आणि संकेताचा आकडा जुळला की इकडे पैसे मोजले जायचे. लेजर आता माळ्यावर होते. त्यांनी स्वतःच्या पाकिटातून दीड हजार काढले, आजीच्या हातावर ठेवले, आणि खिशातल्या डायरीत लिहिले: 'आजी, नावे रु. १५००.' तारीख घातली. सही केली. मला म्हणाले, "बघतोस काय? ताळा कर."

आठ दिवसांनी उघडीप पडली. आजी आली, अंगठा दिला, पैसे काढले, दीड हजार मोजून हेडकॅशियरांपुढे ठेवले आणि वर टाकळ्याची मोठी जुडी. नातू बरा होता. टाकळा कोणत्या खाती जमा करायचा यावर आमची बरीच चर्चा झाली. शेवटी मामांनी तो घरी नेला.

पुढे केबल आली, रस्त्याच्या कामात दोनदा तुटली, मग मोबाइलवर चालणारा डबा आला. मीही बदलून गेलो. गेल्या पावसाळ्यात कडावला उतरलो तेव्हा निवृत्त झालेल्या मामांच्या घरी गेलो. शाखेच्या भंगाराच्या लिलावात त्यांनी छत्री दोनशे रुपयांना घेतली होती. अंगणात चार दगडांवर उपडी घातलेली. बाहेर मुसळधार चालू होते, आणि तिच्याखाली सात कोंबड्या अगदी कोरड्या बसल्या होत्या.