क्रोम साइन-इन

क्रोम साइन-इन ही गूगल क्रोम या ब्राउझरमध्ये गूगल खात्याद्वारे प्रवेश करण्याची सुविधा आहे. संकेतस्थळावरील प्रवेश कुकींच्या आधारे टिकतो. या सुविधेत मात्र खाते ब्राउझरच्या प्रोफाइलशी जोडले जाते. सिंक सुरू असल्यास बुकमार्क, इतिहास व पासवर्ड त्याच खात्याच्या इतर उपकरणांवरही उपलब्ध होतात.

इतिहास

सप्टेंबर २०१८ मधील ६९ व्या आवृत्तीपासून जीमेलसारख्या गूगल सेवेत प्रवेश करताच क्रोममध्येही आपोआप प्रवेश होऊ लागला. वापरकर्त्याच्या स्पष्ट संमतीविना झालेल्या या बदलावर गुप्तलेखनतज्ज्ञ मॅथ्यू ग्रीन यांनी टीका केली. यामुळे सिंक आपोआप सुरू होत नाही, असे गूगलने स्पष्ट केले आणि ७० व्या आवृत्तीत ही जोडणी बंद करण्याचा पर्याय दिला.

अडचणी व उपाय

* कुकी : कुकी पूर्णपणे रोखल्यास प्रवेश होत नाही. सदोष कुकी संबंधित संकेतस्थळापुरत्या काढता येतात. सर्व कुकी काढल्यास इतर संकेतस्थळांवरील प्रवेशही संपतो.
* दिनांक व वेळ : उपकरणावरील दिनांक चुकीचा असल्यास सुरक्षा प्रमाणपत्र अवैध ठरून प्रवेशपृष्ठ उघडत नाही.
* विसरलेला पासवर्ड : खाते पुनर्प्राप्तीची प्रक्रिया नेहमीच्या उपकरणावरून व ठिकाणाहून केल्यास यशाची शक्यता वाढते.
* सिंकचे सांकेतिक वाक्य : वापरकर्त्याने स्वतः ठरवलेले हे वाक्य विसरल्यास गूगललाही ते परत मिळवून देता येत नाही, सर्व्हरवरील सिंक माहिती पुसून नव्याने सुरुवात करावी लागते.

सामायिक संगणकावर प्रवेश तसाच राहिल्यास साठवलेले पासवर्ड इतरांच्या हाती पडू शकतात. त्यासाठी क्रोममध्ये अतिथी मोड आहे. त्याची खिडकी बंद करताच त्या सत्रातील इतिहास व कुकी पुसल्या जातात.