तंजावरचं भात आणि गंजलेलं कुलूप

तंजावर म्हटलं की आपल्याला सरफोजीराजे आठवतात, सरस्वती महाल आठवतो. आज मात्र राजवाड्याबाहेर, कावेरीकाठच्या भातखाचरांत जाऊ.

१९६०-६१ मध्ये सरकारने सघन शेतीसाठी देशातले पहिले सात जिल्हे निवडले, त्यांत तंजावर होता. बियाणं, खत, कर्ज आणि कीटकनाशक, सगळं एकत्र. म्हणून लोक त्याला ‘पॅकेज’ योजना म्हणत. तमिळ शेतकरी कीटकनाशकाला ‘मरुंदु’ म्हणतो, म्हणजे औषध. आपणही औषधच फवारतो, नाही का?

या औषधांतलं एक मोठं कूळ म्हणजे ऑर्गॅनोफॉस्फेट. जर्मनीत गेरहार्ड श्राडर किडींवर रसायन शोधत होता. १९३६ मध्ये त्याच्या हाती टाबुन लागलं, आणि लष्कराने ते युद्धासाठी उचललं. त्याचंच पॅराथिऑन पुढे शेतात आलं.

हे विष करतं काय? नसेचा निरोप स्नायूला पोचवतं अॅसिटिलकोलिन. काम झालं की ते तोडायला एक एन्झाइम असतं. त्याच्या खाचेत सेरीन नावाचा एक घटक अॅसिटिलकोलिनला धरतो, तोडतो, पुन्हा मोकळा होतो. सेकंदाला हजारो वेळा. विषाचा फॉस्फरस त्याच सेरीनला चिकटतो आणि सुटत नाही. निरोप थांबतच नाहीत: लाळ, घाम, छातीत पाणी, शेवटी श्वास बंद.

सुरुवातीला ही किल्ली कुलपात अडकलेली असते, निघू शकते. न्यूयॉर्कच्या अर्विन विल्सनने १९५५ मध्ये ती काढणारं प्रॅलिडॉक्सिम दाखवलं. पण चिकटलेल्या रेणूचा एक तुकडा गळाला की कुलूप गंजतं. मग उतारा चालत नाही. शरीराने नवं एन्झाइम बनवायचं, त्याला आठवडे लागतात. पॅराथिऑनसारख्या इथिल गटात निम्मं एन्झाइम गंजायला सुमारे ३३ तास लागतात. मोनोक्रोटोफॉससारख्या मिथिल गटात चारही नाहीत.

धोका ठाऊक नव्हता असं नाही. १९५८ मध्ये केरळात पॅराथिऑन मिसळलेलं अन्न खाऊन शंभरावर माणसं गेली. दोनच वर्षांत तंजावरला पॅकेज आलं. कीटकनाशकांचा कायदा मात्र १९६८ चा. मला हा क्रम खटकतो.

२०१७ मध्ये यवतमाळात कपाशीवर फवारणी करताना वीसवर शेतकरी-मजूर दगावले. तिथल्या फवाऱ्यांत मोनोक्रोटोफॉसही होतं. फवारणी उरकून मजूर संध्याकाळी घरी पोचतो, तेव्हा त्या चार तासांतले बरेचसे शेतातच संपलेले असतात.