व्हॉल्व्हच्या ध्वनिवर्धकांची जोडी

जुनें तें सोनें, ही म्हण सर्वांच्या तोंडीं असते. परंतु सराफ सोनें घेतांना तें आधीं कसोटीवर घासून पाहतो, ही गोष्ट म्हण उच्चारणाऱ्यांच्या ध्यानांत क्वचितच राहते. साठ-सत्तर वर्षांपूर्वींचे व्हॉल्व्हचे ध्वनिवर्धक मोठी किंमत देऊन विकत घ्यावयाचे, ते दुरुस्त करावयाचे आणि त्यांवर घरांत संगीत ऐकावयाचें, असा एक छंद आज अनेक देशांत रुजला आहे. या छंदांतील सोनें कोणतें आणि मुलामा कोणता, हें समजून घेण्यास त्या यंत्रांचा इतिहासच पाहिला पाहिजे.

ग्रामोफोनच्या सुईपासून निघणारा विद्युत्प्रवाह इतका क्षीण असतो कीं, त्यानें लाऊडस्पीकरचा पडदा हलत नाहीं. त्यास बळ देण्याचें काम ध्वनिवर्धक करतो. १९०६ सालीं अमेरिकेंत ली डी फॉरेस्ट यानें तीन अवयवांचा व्हॉल्व्ह तयार केला आणि हें बळ देण्याचें साधन हातीं आलें. परंतु बळाबरोबर विकृतीहि आली. मूळ नादांत यंत्राच्या पदरचे सूर मिसळूं लागले. १९२७ च्या ऑगस्ट महिन्यांत हॅरल्ड ब्लॅक हा तरुण इंजिनियर न्यूयॉर्कला हडसन नदी ओलांडणाऱ्या नावेंतून कामावर जात असतां त्याला यावर तोड सुचली आणि हातांतील वर्तमानपत्राच्या पानावरच त्यानें ती टिपून ठेविली. वर्धकांतून बाहेर पडणाऱ्या प्रवाहाचा अल्प अंश उलटा करून पुन्हां आरंभीं आणून सोडावा, म्हणजे यंत्रानें मिसळलेली भेसळ बव्हंशीं आपोआप कापली जाते, अशी ती युक्ति होती. तींत बळ घटतें, पण शुद्धता वाढते.

ही युक्ति घरगुती संगीतापर्यंत नीट पोहोंचण्यास दुसरें महायुद्ध संपावें लागलें. १९४५ सालीं इंग्लंडमध्यें हॅरल्ड लीक याच्या कारखान्यानें ‘पॉइंट वन’ नांवाचा वर्धक काढला. विकृति शेंकडा ०.१, म्हणजे हजारांत एक, एवढीच आहे, हें त्या नांवांतच सांगितलेलें होतें. पुढें १९४७ च्या एप्रिल व मे महिन्यांच्या ‘वायरलेस वर्ल्ड’ मध्यें डी. टी. एन. विल्यमसन या स्कॉटिश इंजिनियरानें आपल्या वर्धकाचा संपूर्ण नकाशा प्रसिद्ध केला. शक्ति १५ वॅट आणि विकृति हजारांत एकाहूनहि कमी. नकाशा सर्वांस खुला असल्यामुळें इंग्लंडपासून अमेरिका व ऑस्ट्रेलियापर्यंत हौशी लोकांनीं तो आपापल्या हातांनीं बांधून पाहिला.

मात्र त्याचें सारें यश शेवटच्या ट्रॅन्स्फॉर्मरवर अवलंबून होतें. व्हॉल्व्हजवळ दाब फार व प्रवाह थोडा. लाऊडस्पीकरला दाब थोडा व प्रवाह फार हवा. या दोघांमधला ट्रॅन्स्फॉर्मर हा दुभाष्या होय. त्याचीं वेटोळीं निकृष्ट असलीं, तर ब्लॅकची युक्ति उलटते आणि वर्धक दुसऱ्याचें गाणें सांगण्याऐवजीं स्वतःच शीळ घालूं लागतो. आज जुना वर्धक घेणारा मनुष्य खरी किंमत देतो ती बहुधा या लोखंडाची व तांब्याची. बाकीचे भाग बदलतां येतात.

पीटर वॉकर यानें १९३६ सालीं लंडन येथें स्थापिलेला कारखाना युद्धकाळांत बाँबवर्षावामुळें हंटिंग्डन या गांवीं हलला होता. तेथूनच १९५३ सालीं ‘क्वाड दोन’ हा वर्धक बाहेर पडला. शक्ति तीच, १५ वॅट, शेवटीं के. टी. ६६ जातीचे दोन व्हॉल्व्ह, एक ढकलतो तेव्हां दुसरा ओढतो अशा रीतीनें जोडलेले. ट्रॅन्स्फॉर्मरच्या वेटोळ्याचा कांहीं भाग वॉकरनें व्हॉल्व्हच्या कॅथोडच्या वाटेंत घातला होता. त्यामुळें बरीचशी विकृति जागच्या जागींच आवरली जाई.

त्या काळीं घरांत लाऊडस्पीकर एकच असे व वर्धकहि एकच. आज ज्यास कौतुकानें ‘मोनोब्लॉक’ म्हणतात, तो तेव्हां नुसता वर्धक होता. दोन कानांसाठीं दोन स्वतंत्र मार्ग ठेवण्याची कल्पना ॲलन ब्लुमलिन यानें १९३१ सालींच पेटंटच्या अर्जांत मांडली होती. परंतु तशा तबकड्या बाजारांत सर्रास येण्यास १९५८ साल उजाडलें. मग ज्यांच्यापाशीं एक वर्धक होता, त्यांनीं दुसरा आणून शेजारीं ठेविला. म्हणूनच आज जोडी म्हणून विकावयास आलेले दोन वर्धक पुष्कळदां जुळे नसतात. कांहीं वर्षांच्या अंतरानें जन्मलेले भाऊ असतात. एकानें सहा वर्षें अधिक उष्णता सोसलेली असते. दोन्हींवरील क्रमांक जुळतात कीं नाहीं, हें पाहण्यापेक्षां दोन्हींची प्रकृति जुळते कीं नाहीं, हें मोजून पाहणें अधिक शहाणपणाचें.

दैवाचा खेळ असा कीं, ज्या १९४७ सालीं विल्यमसनचा नकाशा प्रसिद्ध झाला, त्याच वर्षाच्या डिसेंबरांत अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत ट्रान्झिस्टर जन्मास आला. वीस वर्षांनीं, १९६७ सालीं, खुद्द वॉकरच्याच कारखान्यानें ट्रान्झिस्टरचा ‘३०३’ हा वर्धक विकावयास काढला. तो आकारानें लहान होता आणि थंड राही. त्यांत झिजणारे व्हॉल्व्ह नव्हते. जुने वर्धक माळ्यावर गेले, कांहीं मोडींत गेले. पुढें जपानमधील व नंतर इतर देशांतील शौकिनांनीं ते शोधून काढण्यास आरंभ केला आणि मोडीचा भाव पुन्हां रत्नाचा झाला.

येथें एक विचित्र प्रकार दिसतो. वर्धकास स्वतःचा आवाजच नसावा, मूळ नादाच्या जितकें जवळ जातां येईल तितकें जावें, हें वॉकरच्या साऱ्या उद्योगाचें ध्येय होतें. आजचा ग्राहक मात्र त्याच वर्धकाच्या ‘गोड आवाजा’साठीं पैसे मोजतो. निर्मळ पाण्यासाठीं विहीर खणली, आणि नातवंडांनीं त्या पाण्याची चव वाखाणावी, तसें हें झालें. कधीं कधीं तर हा गोडवा वॉकरचा नसून जुन्या, झिजलेल्या भागांचा असतो.

हे भाग कसे झिजतात? वीज सांठवून प्रवाह सपाट करणारे मोठे कंडेन्सर वर्षानुवर्षें पडून राहिले म्हणजे त्यांच्या आंतील रासायनिक थर क्षीण होतो. अशा वर्धकास एकदम वीज दिली, तर तो धुमसतो किंवा फुटतो. त्याहून कपटी ते कागदी कंडेन्सर. त्यांनीं गाणें पुढें जाऊं द्यावें आणि स्थिर दाब अडवावा. परंतु दमट होऊन ते गळूं लागले कीं, शेवटच्या व्हॉल्व्हवरील अंकुश सुटतो, तो लालबुंद होतो आणि जातां जातां ट्रॅन्स्फॉर्मरलाहि घेऊन जातो. चार आण्यांच्या वस्तूपायीं शंभर रुपयांची वस्तु जळते, ती अशी. म्हणून जाणता कारागीर घेतलेला वर्धक ऐकण्याच्या मोहास प्रथम आवर घालतो. आधीं वेटोळीं अखंड आहेत कीं नाहीं, हें तपासतो, गळके कंडेन्सर काढतो, ताप सोसून मूल्य बदललेले रेझिस्टन्स बदलतो, जमिनीशीं जोडणारी तार घालतो, आणि मगच हळूहळू दाब चढवीत वीज देतो. लाऊडस्पीकर जोडल्यावांचून तो वर्धक चालवीत नाहीं. आंत तीनशें व्होल्टांहून अधिक दाब असतो आणि वीज बंद केल्यावरहि तो कंडेन्सरांत दबा धरून राहतो. या एका गोष्टीच्या अज्ञानानें प्राण जाऊं शकतो. ज्याला हें ठाऊक नाहीं, त्यानें हें काम जाणत्याच्या हातीं द्यावें, हेंच बरें.

उरला वाद मूळपणाचा. एक पक्ष म्हणतो, एकहि भाग बदलूं नये. दुसरा म्हणतो, सर्वच नवें घालावें. इतिहास या दोघांनाहि पुरतें मान्य करीत नाहीं. अचल ठेवलेला वर्धक मुका राहतो, आणि सर्वस्वीं बदललेला दुसऱ्याच कोणाचा होतो. वॉकर व विल्यमसन यांनीं आपल्या कामाची परीक्षा आंकड्यांनीं दिली होती: इतके वॅट, इतकी विकृति. तेच आंकडे पुन्हां मिळाले, म्हणजे दुरुस्ती पुरी झाली. दक्ष कारागीर काढलेले भाग पुडींत बांधून मालकास परत देतो, आणि काय बदललें, केव्हां बदललें, हें एका चिठ्ठीवर लिहून ती वर्धकाबरोबर ठेवितो. पुढें कधींतरी तें झांकण दुसरा कोणी उघडील, तेव्हां त्याला अंदाज बांधीत बसावें लागणार नाहीं.